इजिप्तवर मी बोलावं असं ठरलं

आमच्या समोरच्या घरात एक इजिप्शियन जोडपं राहतं. तो केमिकल इंजिनिअर, मी इन्स्ट्रुमेंटेशनचा. दोघांनीही उमेदीची वर्षं ह्यूस्टनच्या तेलधंद्यात घालवली आणि दोघंही तिथल्याच शुगर लँड उपनगरात निवृत्त होऊन बसलो. इजिप्तमध्ये इंजिनिअर माणसाला 'बाशमुहंदिस' म्हणतात, म्हणजे मुख्य अभियंता. मग तो खरोखर मुख्य असो वा नसो. ओळख झाली त्या दिवसापासून तो मला बाशमुहंदिस म्हणतो आणि मीही त्याला बाशमुहंदिसच म्हणतो. नोकरीत जे पद आम्हा दोघांनाही कुणी दिलं नाही ते आम्ही असं एकमेकांना देऊन टाकलं.

त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. त्या कैरोमध्ये सरकारी बँकेत होत्या, इथे येऊन त्यांनी शाळेत गणित शिकवलं. 'वहिनी' या शब्दाचा अर्थ त्यांनी पहिल्याच भेटीत विचारून घेतला होता. "भावाची बायको," मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "छान. म्हणजे भाऊ चुकला की तुम्ही माझ्या बाजूने बोलायचं."

उन्हाळ्यात आम्ही दोघं पुरुष उजाडताना तळ्याभोवती चालायला जातो. जरा उशीर झाला की हवा अशी होते की ओला टॉवेल तोंडावर टाकून कुणीतरी छातीवर बसलंय असं वाटतं. तिथेच एक दिवस लायब्ररीतल्या बाई भेटल्या. या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आता आमच्या भागातल्या लायब्ररीत ज्येष्ठांसाठी कार्यक्रम करतात. त्या म्हणाल्या की त्यांनी एक नवीन मालिका सुरू केली आहे. महिन्यातून एका दुपारी कुणीतरी आपल्या जन्मभूमीबद्दल बोलायचं, तेही स्वातंत्र्यानंतरच्या काळाबद्दल: राज्य कुणी केलं, पैसा कुठून आला, कुठे गेला. तुम्ही दोघंही बोलाल का? आम्ही हो म्हणालो. निवृत्त माणसाला कुणी बोलायला सांगणं ही दुर्मिळ गोष्ट आहे.

आठवड्याने ईमेलवर कार्यक्रमाचं पत्रक आलं. त्यात माझ्या नावापुढे इजिप्त होतं आणि त्याच्या नावापुढे भारत.

बाईंचा तसा दोष नव्हता. दोघांना मिशा, दोघांना पोट, दोघांच्या डोक्यावर कंपन्यांनी फुकट वाटलेल्या टोप्या, आणि दोघांचं इंग्रजी आपापल्या परीने गोल. मी लगेच फोन उचलला, तर बाशमुहंदिस रस्ता ओलांडून धावतच आला. तो धावताना मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"फोन ठेव," तो म्हणाला.

"अरे, पण चूक झालीय."

"कसली चूक? देवाची कृपा झालीय. इजिप्तवर मी बोललो तर माझी बायको पहिल्या रांगेत बसेल. एक वाक्य पुरं करू देणार नाही. तू पाहुणा आहेस. तुझ्याशी ती नीट वागेल."

मी विचार केला. भारतावर मी बोलणार म्हटल्यावर महाराष्ट्र मंडळातले निदान चार काका आले असते. त्यातला एक डाव्या विचारांचा, एक उजव्या, एक शेअर बाजारवाला आणि एक नागपूरचा, ज्याच्या मते देशाचं जे काही बिघडलं ते नागपूर राजधानी न केल्यामुळे. मी फोन ठेवला.

चँडलर शहरात चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स सो नॉट ओके." मी म्हटलं, मी सुरुवातीलाच सांगणार आहे की मी इजिप्शियन नाही. "देन व्हाय आर यू डूइंग इट?" मी तिला हवामान विचारलं.

मग शिकवणी सुरू झाली. जागा त्यांचं स्वयंपाकघर, वेळ चहाची. तिथे काचेच्या छोट्या ग्लासात काळाभोर चहा मिळतो आणि तो संपायच्या आत पुन्हा भरला जातो. माझी बायको आठवड्यातले काही दिवस अजून फार्मसीत जाते, पण ती सुट्टीच्या दिवशी सोबत यायची. तिला इतिहासापेक्षा वहिनींच्या कोशरीत रस होता. भात, मसूर, चणे, वर मॅकरोनी आणि तळलेला कांदा. पहिल्यांदा ती म्हणाली, "खिचडीत मॅकरोनी कोण घालतं?" तिसऱ्यांदा तिने डबा नेला होता.

पहिल्या दिवशी मी वही उघडून सरळ प्रश्न विचारला. "स्वातंत्र्य कधी मिळालं?"

"बावन्न," तो म्हणाला.

"बावीस," वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं, मला ऐकू नीट आलं नाही. पण त्यांच्यात एका अक्षराचा नव्हे, चांगला तीस वर्षांचा फरक होता. वहिनींचं म्हणणं असं की एकोणीसशे बावीस साली इंग्रजांनी इजिप्त स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, आणि त्याआधी रस्त्यावर उतरून त्यांच्या आजोबांनी जो मार खाल्ला तो काही उगाच नव्हता. तो म्हणाला, "जाहीर केलं, पण सैन्य ठेवलं, कालवा ठेवला, राजाही आपल्याला हवा तसा ठेवला. याला स्वातंत्र्य म्हणतात? बावन्नला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी राजाला बोटीत बसवून पाठवलं, तेव्हा खरं स्वातंत्र्य."

"तेव्हाही सुएझ कालव्यावर इंग्रज सैनिक होतेच," वहिनी म्हणाल्या.

"ते छप्पन्नला गेले."

"मग छप्पन्न म्हण."

"छप्पन्नला उन्हाळ्यात गेले," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि आम्ही कालवा सरकारजमा केला म्हणून त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर बाँब टाकत परत आले. मग पुन्हा गेले."

वहीत मी तीन सालं लिहिली आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. आमचं आपलं बरं आहे, मी मनात म्हटलं. एक तारीख, एक सुट्टी, वादाला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांची पाळी होती. इथे माझी खरी दमछाक झाली. बाशमुहंदिस बोलताना म्हणायचा, "पहिल्याने कालवा घेतला, धरण बांधलं, जमिनी वाटल्या. दुसऱ्याने बाजार उघडला." मी लिहून घ्यायचो. मग वहिनी काही सांगताना म्हणायच्या, "दुसऱ्याने धरण बांधलं, तिसऱ्याने बाजार उघडला." अर्धा तास मी दोन वेगळ्या देशांचा इतिहास लिहीत होतो. शेवटी माझ्या बायकोने विचारलं, "तुमच्याकडे एक माणूस जास्त आहे का?"

होता. राजा गेल्यावर देशाचा पहिला अध्यक्ष झाला तो एक वयस्कर जनरल. वर्ष-दीड वर्षात त्याला तरुण अधिकाऱ्यांनी बाजूला सारून एका घरात कोंडून ठेवलं, आणि शाळेच्या पुस्तकांतूनही काढून टाकलं. बाशमुहंदिस तीच पुस्तकं वाचून मोठा झाला होता, म्हणून त्याची मोजणी त्याच्यानंतरच्या माणसापासून सुरू व्हायची. वहिनींच्या वडिलांनी मात्र घरात मुलांना खालच्या आवाजात पहिल्याचं नाव सांगून ठेवलं होतं.

"तो मोजण्याइतका राहिलाच नाही," बाशमुहंदिस म्हणाला.

"मी गणिताची शिक्षिका आहे," वहिनी म्हणाल्या. "जो असतो तो मोजला जातो."

मी आकडे सोडून दिले आणि त्या सगळ्यांना आपल्याकडच्यासारखी नावं दिली: कोंडलेले, कालवेवाले, दारवाले आणि तीस वर्षंवाले. दारवाले कारण त्यांच्या धोरणाचं अरबीतलं नावच 'उघडणं' असं होतं. परदेशी माल आणि परदेशी पैसा आत यावा म्हणून त्यांनी दार उघडलं. तीस वर्षंवाले कारण ते तीस वर्षं गेले नाहीत. दोघांनाही ही व्यवस्था पटली. त्या घरात एकमताने झालेला तो पहिला ठराव असावा.

त्यांच्यानंतरचा काळ मी सांगायचा तेवढाच सांगणार होतो. दोन हजार अकराला लोक चौकात उतरले तेव्हा या घरात दुसरा टीव्ही आला, कारण दोघांना वेगवेगळी चॅनेल बघायची होती. तीस वर्षंवाले गेले, निवडणूक झाली, निवडून आलेल्याला लष्कराने वर्षभरात काढलं. मी पुढचं विचारलं. "माझी बहीण अजून कैरोतच राहते," वहिनी म्हणाल्या, आणि उठून चहा ओतू लागल्या. तेवढं एक पान मी कोरं ठेवलं.

बाकीचं मात्र भरभरून मिळालं. वहिनींच्या जन्मदाखल्यावर देशाचं नाव इजिप्त नाहीच, हे मला तेव्हा कळलं. त्या काळात इजिप्त आणि सीरिया मिळून एक देश झाला होता आणि त्याचं नाव वेगळंच होतं. तीन-साडेतीन वर्षांत सीरिया बाहेर पडला, पण इजिप्तने एकट्यानेच ते जोडनाव पुढे दहा वर्षं लावलं. "भागीदार निघून गेला तरी दुकानाची पाटी कोण बदलणार," बाशमुहंदिस म्हणाला.

त्या वेळी पदवी मिळवणाऱ्या प्रत्येकाला सरकार नोकरी द्यायचं, तशी हमीच होती. बाशमुहंदिसलाही एका खात्यात मिळाली. पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला तर खोलीत आधीच बरेच इंजिनिअर होते आणि खुर्च्या कमी होत्या. एका ज्येष्ठाने त्याला समजावलं की तू सोमवारी आणि बुधवारी येत जा, बाकीचे दिवस खुर्ची माझी. "पगार?" मी विचारलं. "पगार पूर्ण आठवड्याचा. हमी पगाराची होती, खुर्चीची नव्हती."

मग आम्ही दोघं चढाओढीला लागलो. त्याने सरकारी दुकानापुढच्या रांगा सांगितल्या: रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं की कशाची आहे, कोंबडी असेल तर नशीब, साबण असेल तर साबण. मी रेशनचं पामतेल आणि रॉकेल सांगितलं. त्याने सांगितलं की फोनची लाइन त्यांच्याकडे मृत्युपत्रात लिहून ठेवायचे. मी स्कूटरसाठी थांबलेली वर्षं सांगितली. तो म्हणाला, आमच्याकडे सरकारी कारखान्याची मोटार नोंदवली की ती यायची तोपर्यंत मुलगा लायसन्सच्या वयाचा व्हायचा. हे किती लांबलं असतं कोण जाणे, पण माझ्या बायकोने कोशरीतून मान वर न करता सांगितलं, "आमच्या गिरगावातल्या घरी फोन आला तेव्हा ज्या आजोबांनी अर्ज केला होता त्यांना जाऊन बराच काळ झाला होता. फोनवाला म्हणाला, अर्जदाराची सही लागेल." बाशमुहंदिसने हात जोडले आणि हार मान्य केली.

पण त्याच्या सगळ्या अर्थशास्त्राचा खरा मुद्दा वेगळा होता, आणि त्यावर तो रोज येऊन थांबायचा. त्याच्या साखरपुड्यानंतर लग्नाला पाच-सहा वर्षं लागली. कारण घर. कालवेवाल्यांनी घरभाडी कायद्याने गोठवली. मग मालक घरं भाड्याने देईनात, दिली तर आधी मोठी रक्कम मागायचे. त्या रकमेला तिकडे 'पाय मोकळा करण्याचे पैसे' म्हणतात. "पागडी," मी आणि माझी बायको एकदम म्हणालो. आपल्याकडे त्यासाठी एकच शब्द आहे हे ऐकून त्याला आनंद झाला आणि हेवाही वाटला. तिथे घराशिवाय मुलीचे वडील लग्न लावत नाहीत. म्हणून हजारो मुलं-मुली साखरपुडा करून नाइलच्या काठावर बसलेली असत, घराची वाट बघत. तोही बसला. मग पागडी जमवायला कुवेतला गेला. "माझ्या तारुण्याची सहा वर्षं," तो टेबलावर बोट आपटून म्हणायचा, "एका कायद्याने खाल्ली. हे भाषणात आलंच पाहिजे."

वहिनी अशा वेळी ओट्याकडे तोंड करून काहीतरी चिरत असायच्या.

कार्यक्रमाच्या दिवशी लायब्ररीच्या खोलीत एसी इतका होता की बाहेर घामाने भिजलेले लोक आत येऊन शाली मागत होते. बाईंनी पिरॅमिडच्या आकाराची बिस्किटं केली होती. पुढच्या रांगेत वहिनी, त्यांच्या शेजारी माझी बायको. बाशमुहंदिस मुद्दाम मागे, दाराजवळ बसला, म्हणजे आपली काही जबाबदारी नाही हे दिसावं. मधल्या रांगेत एक उंच म्हातारा टेक्सन होता, काउबॉय बूट घातलेला. तरुणपणी तो सुएझच्या आखातात तेलविहिरींवर होता असं त्याने हात मिळवतानाच सांगितलं.

मी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. "मी इजिप्शियन नाही. मी भारतीय आहे. पत्रकात अदलाबदल झाली." लोक प्रेमाने हसले. हा माझा विनय आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण मागाहून एका आजींनी मला विचारलंच की तुमच्या लहानपणी उंट होता का. त्यांना मी आमच्याकडे लूना होती असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

भाषण बरं चाललं होतं. स्वातंत्र्याच्या तिन्ही तारखा मी सांगितल्या. कोंडलेल्यांचा उल्लेख करताना वहिनींकडे बघितलं, त्यांनी पसंतीची मान हलवली. धरण झालं, सदुसष्टचा पराभव झाला, त्र्याहत्तरचं युद्ध झालं, दार उघडलं. मग मी भाकरीवर आलो. तिकडे भाकरीला 'ऐश' म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ जगणं असाही आहे. मी म्हणालो, "हा शब्द आमच्या मराठीतही आहे. पण आमच्याकडे ऐश म्हणजे चैन. शब्द प्रवासात श्रीमंत झाला." टेक्सन मोठ्याने हसला. सत्याहत्तरच्या जानेवारीत दारवाल्यांच्या सरकारने भाकरीसकट रोजच्या वस्तूंवरची सवलत कमी केली, देश रस्त्यावर आला, आणि दोन दिवसांत भाव मागे घ्यावे लागले. तेव्हापासून सरकारं भाकरीचा भाव वाढवायला घाबरू लागली. भाव वर्षानुवर्षं तोच आणि भाकरी मात्र लहान लहान होत गेली.

"ते खरं आहे," वहिनी जागेवरून म्हणाल्या. "माझी बहीण म्हणते, आता ती कानात घालता येईल."

इथपर्यंत त्या नीट वागल्या होत्या, हे मान्य करायला हवं.

मग मी घरभाड्याच्या कायद्यावर आलो आणि बाशमुहंदिसने माझ्याकडून घोकवून घेतलेलं वाक्य म्हटलं: या कायद्याने एका पिढीचं तारुण्य वाट बघण्यात घालवलं. मागून दाराजवळून एकट्याच्या टाळ्या आल्या. टेक्सनने हात वर केला आणि विचारलं, "हे सगळं एका साध्या जोडप्याच्या आयुष्यात कसं दिसायचं? तुम्हाला कुणी माहीत आहे का?"

मला वाटलं, यापेक्षा चांगली संधी नाही. मी म्हणालो, "आपल्यात तसं एक जोडपं आहे," आणि वहिनींच्या हातात माइक दिला.

त्या उठल्या. शाळेत वर्गापुढे उभं राहण्याची सवय, त्यामुळे आवाज स्वच्छ. त्यांनी सत्याहत्तरचा जानेवारी सांगितला. त्या कॉलेजच्या पहिल्या वर्षात होत्या. बस बंद, ट्राम बंद, हवेत धूर. चुलत भावाबरोबर त्या पायी घरी निघाल्या आणि त्या भावाचा एक इंजिनिअर मित्र सोबत आला. तो दिवस मंगळवार होता, म्हणजे त्याच्या खुर्चीचा दिवस नव्हता. लोक हसले. तो वाटभर क्लोरीनच्या कारखान्याबद्दल बोलला. पुढे साखरपुडा झाला. घर मिळेना.

"मग सहा वर्षं वाट बघितली," टेक्सन सहानुभूतीने म्हणाला.

वहिनींनी जरा विचार केला. खोलीत कुणीतरी पिरॅमिडचं टोक चावलं, तेही ऐकू आलं.

"घर होतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच वर्षी होतं. शुब्रा भागात माझ्या मावशीचं. ती मुलाकडे राहायला जाणार होती, पागडी नको म्हणाली होती. वडिलांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं, आणि त्यांना शपथ घातली की त्याला सांगायचं नाही."

मी दाराकडे बघितलं. बाशमुहंदिस हळूहळू उभा राहत होता.

"का?" हे त्याने अरबीत विचारलं, पण त्या खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं.

वहिनींनी उत्तर इंग्रजीत दिलं, माइकवर. "मला बँकेची परीक्षा द्यायची होती. पगार स्वतःच्या हातात कसा वाटतो ते बघायचं होतं. तुझी आई आपल्याकडे येऊन राहणार होती आणि तिने आधीच सांगितलं होतं की सुनेने नोकरी केलेली तिला चालणार नाही. आणि तू तेव्हा फक्त क्लोरीनबद्दल बोलायचास. मी म्हटलं, थोडं थांबावं. कायदा होता, सगळे थांबत होते. कुणी विचारत नव्हतं."

यानंतर दोघंही अरबीत बोलू लागले. तो दाराजवळून, त्या माइकवरून, त्यामुळे त्यांचीच बाजू जास्त ऐकू येत होती. मी मधे उभा. मला त्यातले दोनच शब्द कळत होते, कालवेवाल्यांचं खरं नाव आणि 'खाला', म्हणजे मावशी. लायब्ररीतल्या बाई कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "हे ठरवलेलं होतं का? फार सुंदर आहे." माझ्या बायकोने उठून वहिनींच्या हातातून अलगद माइक घेतला आणि सगळ्यांना सांगितलं की चहा तयार आहे. टेक्सनने टाळ्या सुरू केल्या.

पुढचे बरेच दिवस बाशमुहंदिस चालायला आला नाही. त्यांच्या ड्राइव्हवेवर गाडी होती, दिवे लागत होते, पण तो दिसेना. माझ्या बायकोला वहिनींनी फोनवर सांगितलं की तो बोलतो, जेवतो, सगळं ठीक आहे, फक्त मधेच थांबून "दुसऱ्या वर्षी?" असं विचारतो. मला वाईट वाटत होतं. माइक मी दिला होता. बायको म्हणाली, "तू नसता दिलास तर तिने मागून घेतला असता. तिला सांगायचंच होतं. एवढी वर्षं तो कायद्याला शिव्या द्यायचा, तिला ते ऐकवत नव्हतं."

मग एका पहाटे तो रस्त्यावर उभा दिसला, टोपी घालून. तळ्याचा पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्यात तो म्हणाला, "मी हिशोब केला. दुसऱ्या वर्षी लग्न झालं असतं तर मी कुवेतला गेलोच नसतो. कुवेतला नसतो गेलो तर नव्वद साली तिथे इराकी रणगाडे आले तेव्हा सगळं सोडून पळावं लागलं नसतं. पळालो नसतो तर इथे आलो नसतो. आज मी शुब्रात असतो, मावशीच्या घरात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद."

"मग?"

"मग काही नाही. बरंच झालं म्हणायचं." तो थोडा पुढे गेला आणि थांबला. "पण बाशमुहंदिस, मी खरंच फक्त क्लोरीनबद्दल बोलायचो?"

तो आजही, चालताना, बऱ्याचदा क्लोरीनबद्दलच बोलतो. मी म्हणालो, "मी तेव्हा तिथे कुठे होतो?"

त्याच दिवशी संध्याकाळी त्या दोघांना मी त्यांच्या अंगणात बघितलं. लिंबाच्या झाडाला पाणी घालत होते. पाइप त्याच्या हातात होता आणि कुठे घालायचं ते वहिनी सांगत होत्या. तो मधेच काहीतरी बोलला आणि त्या हसता हसता खाली बसल्या. काय बोलला ते मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात त्याचं भारतावरचं भाषण झालं. मंडळातले चारही काका आले आणि एकमेकांशीच भांडले, त्यामुळे त्याला त्रास झाला नाही. नागपूरच्या काकांना तो इतका आवडला की त्यांनी त्याला गणपतीला घरी बोलावलं. वहिनींना तिथे मोदक आवडले, पण आत खजूर हवा होता असं त्या म्हणाल्या.

लायब्ररीतल्या बाई खूश होत्या. त्यांनी वहिनींना विचारलं की पुढच्या वेळी तुम्ही बोलाल का, कोणताही देश घ्या. वहिनींनी आठवडाभर विचार केला आणि फिनलंड निवडला. "ज्या देशाबद्दल आमच्या घरात कुणाचंच काही मत नाही असा मला हवा होता," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.

त्या भाषणाची तयारी सुरू होऊनही आता महिना होत आला. परवा पहाटे तळ्याच्या पहिल्याच वळणावर बाशमुहंदिसने मला अडवलं आणि गंभीरपणे सांगितलं की फिनलंडच्या कागद कारखान्यांबद्दल त्याच्या बायकोने लिहिलेलं साफ चुकीचं आहे, कारण लगदा पांढरा करायला ते लोक एके काळी क्लोरीन वापरायचे, ते तिला काय माहीत.